वस्तीत नाटक बसवायचंय? आधी माणसं एकत्र बसवा

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीत एकतेचा कार्यक्रम केला होता. मोठा बॅनर, मांडव, भाड्याच्या तीनशे खुर्च्या, ऑर्केस्ट्रा, सगळं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि तोपर्यंत लोक बसले होते ते अगदी रोज राहतात तसेच, म्हणजे नाल्याच्या अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे, बायका मागे, आणि व्हीलचेअरवरचे एक काका मांडवाच्या दोरीपाशीच थांबलेले कारण आत यायला वाटच ठेवली नव्हती आम्ही. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, वडापाव संपले, कोणी कोणाशी बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवराआवर करताना दोन शेजारी, ज्यांचं गटारावरून चार वर्षं वाकडं होतं, ते सतरंजीची दोन टोकं धरून घडी घालत होते. मोठी सतरंजी एकट्याला घडी घालताच येत नाही ना. एकाच्या हातून टोक सुटलं आणि दोघंही हसले.

तेव्हापासून माझं डोकं असं फिरलंय की प्रयोग हा फक्त बहाणा आहे, जे काही घडतं ते त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत, तालमीत घडतं. कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणाची गोष्ट घेतली, चहा कोणाच्या घरून आला, हे सगळं तिथे ठरतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या दोन महिन्यांबद्दल आहे. आम्ही नाटकवाले म्हणून उदाहरणं नाटकाची आहेत, पण भिंत रंगवायची असेल, गाण्यांचा ग्रुप काढायचा असेल तरी पायऱ्या साधारण याच.

पायरी १ : आधी फिरा, आणि आधीपासून काय आहे ते बघा

आपल्याकडे 'संस्था' म्हटलं की लोकांना ऑफिस, लेटरहेड आणि प्रोजेक्टर आठवतो. पण गल्लीत आधीच किती गट असतात ते मोजून बघा. गणपती मंडळ, भजनी मंडळ, बचत गट, भिशी, कुस्तीची तालीम, ज्येष्ठ नागरिक संघ, जयंती उत्सव समिती, मशिदीची कमिटी, चर्चचा ग्रुप, रिक्षा स्टँडवाले, क्रिकेटची टीम. हेच तुमचं नागरी समाज बिमाज जे काय म्हणतात ते. यांच्याकडे स्पीकर असतो, सतरंजी असते, वर्गणी गोळा करायची सवय असते आणि मुख्य म्हणजे लोक त्यांना ओळखतात. नवीन संस्था काढून त्यांच्याशी स्पर्धा करू नका.

फिरायचं तीन वेळा: पहाटे पाणी येतं तेव्हा, दुपारी तीनला आणि रात्री नऊनंतर. तिन्ही वेळा वेगळी वस्ती दिसते. मग एका खोलीत जमिनीवर खडूने नकाशा काढा, नळ, शाळा, देऊळ, मशीद, विहार, दारूचा गुत्ता, अंधाराची जागा, सगळं, आणि लोकांनाच काढायला लावा. आमच्या नकाशात पुरुषांनी संडासापर्यंतचा रस्ता काढलाच नव्हता, बायकांनी तो सगळ्यात जाड काढला. तिथेच पहिलं नाटक मिळालं.

मग त्याच नकाशावर विचारायचं की कोण कधीच कुठल्या कार्यक्रमाला येत नाही. ही यादी लिहून ठेवा, कारण नंतर उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. भाडेकरू, रात्रपाळीवाले, नव्याने आलेले परप्रांतीय कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, तृतीयपंथी, ऐकू न येणारी मुलं, जिना उतरता न येणारी म्हातारी माणसं. 'आम्ही सगळ्यांना बोलावलं होतं हो, तेच आले नाहीत' हे वाक्य मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की आता हसू येतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकणं म्हणजे बोलावणं नाही, जो ग्रुपमध्येच नाही त्याला कसं कळणार?

पायरी २ : बारा-पंधरा माणसं, एक जागा, एक वेळ

पहिला ग्रुप छोटाच ठेवा. बाराच्या खाली गेलात तर दोनजण आजारी पडले की तालीम बंद, वीसच्या वर गेलात तर बोलणारे पाचच उरतात. आणि माणसं जोडीने बोलवा. एकटी मुस्लिम मुलगी किंवा एकटाच पारधी पोरगा असं आणून बसवलं की तो माणूस राहत नाही, नमुना होतो, प्रत्येक वेळी सगळे त्याच्याकडे वळून बघतात 'तुमच्यात कसं असतं?' म्हणून. दोघं असले की निदान एकमेकांकडे बघून डोळे तरी फिरवता येतात.

जागेवरून सगळ्यात जास्त चुका होतात. देवळाचा हॉल फुकट मिळतो म्हणून घेतात आणि मग म्हणतात की ते लोक आले नाहीत. मशिदीच्या शेजारची खोली घेतली तरी तेच. अंगणवाडी, पालिकेची शाळा, समाजमंदिर (पण ते कोणत्या समाजाचं मानलं जातं ते आधी विचारा), नाहीतर सरळ गच्ची. तळमजला असेल तर उत्तम. उतार करायचा असेल तर हिशोब सोपा आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, त्याहून चढ केला तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि बसलेल्याला भीती वाटते. आमच्याकडे लाकडी फळी टाकली होती, जी तीन फुटांची होती, आणि आम्ही फार अभिमानाने तिचा फोटोही काढला होता. असो.

वेळ बायकांना विचारून ठरवा. आमच्याकडे तीन ते पाच ही वेळ निघाली, जेवणाची भांडी झाल्यावर आणि संध्याकाळचं पाणी यायच्या आत. पुरुषांना ती जमत नाही, म्हणून त्यांची तालीम रात्री, आणि रविवारी सगळ्यांची एकत्र. लहान मुलं येणारच, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात खडू-कागद ठेवा आणि एक मोठा माणूस बसवा, नाहीतर आया येत नाहीत. बाकी काही फॅन्सी लागत नाही.

पायरी ३ : गोष्टी गोळा करा, पण गोष्टीला मालक असतो

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, चांगले दोन-तीन आठवडे. स्क्रिप्ट बाहेरून आणली तर काम सोपं होतं, मान्य आहे, पण मग लोक पाठांतर करतात आणि विसरतात.

ठाण्यात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला तेव्हा त्यातली गंमत हीच होती. वस्त्यांमधल्या मुलामुलींनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन आपणच नाटुकल्या उभ्या करायच्या, भपकेबाज नेपथ्य-बिपथ्य काही नाही. मतकरींसारखा माणूस, ज्याला एका बैठकीत नाटक लिहून देता आलं असतं, तो लिहून देत नाही, यातच सगळं आलं. मतकरी २०२० मध्ये गेले, पण ही पद्धत कोणालाही उचलता येते, पैसे लागत नाहीत, फक्त स्वतःला गप्प बसवावं लागतं.

आम्ही करतो ते असं. गोल करून बसायचं, खुर्ची कोणालाच नाही (गुडघे दुखणाऱ्यांना सोडून), आणि सोपा प्रश्न टाकायचा. 'जातिभेदाचा अनुभव सांगा' असं विचारलं तर सगळे शाळेतलं निबंधाचं मराठी बोलायला लागतात. त्याऐवजी विचारा, तुमच्या दारातून कोण परत गेलं? तुम्हाला कोणत्या घरी चपला काढून पण बाहेरच उभं केलं? पहिल्यांदा इथे राहायला आलात तेव्हा पहिलं कोण बोललं? मग थांबा. शांतता झाली तर होऊ द्या, लगेच स्वतः बोलू नका, मला हे शिकायला दोन वर्षं लागली.

गोष्ट मिळाली की सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचेच. ही गटाबाहेर गेली तर चालेल का? नाव, जागा, नातं बदलायचं का? दुसऱ्या कोणी तुझा रोल केला तर चालेल का? आणि चौथं सांगायचं की प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत तू गोष्ट परत घेऊ शकतेस, कोणी कारण विचारणार नाही. आमच्याकडे एका मुलीने खरंच दोन दिवस आधी घेतली परत. बारा मिनिटांचं नाटक सात मिनिटांचं झालं, दिग्दर्शक पोरगा चिडला, पण त्यानंतर ग्रुपमध्ये लोक जास्त मोकळं बोलायला लागले, कारण शब्द पाळला जातो हे सगळ्यांनी बघितलं. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या, फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी घ्या, आणि अत्याचाराची गोष्ट निघाली तर ती नाटकात घालायची नसते, तिथे मदत लागते. १०९८ मुलांसाठी आणि १८१ महिलांसाठी, हे दोन हेल्पलाइन नंबर तालमीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

पायरी ४ : फॉर्म असा निवडा की लोकांना तो आधीच येत असेल

हे काही नवं शोधायचं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्यातून सत्यशोधक जलसे, म्हणजे गाण्या-नाटकाचे प्रबोधनाचे कार्यक्रम निघाले, ते उभे राहिले तमाशाच्या सांगाड्यावर. लोकांना गण, बतावणी, वग हे तमाशाचे भाग सगळे पाठ होते, ढोलकी वाजली की गाव जमायचं, फक्त आतला माल बदलला. आंबेडकरी जलशांनीही तोच रस्ता धरला. मग १९४४ चं लाल बावटा कलापथक घ्या: अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, मातंग समाजातले, अमर शेख बार्शीचे मुसलमान, आणि सोबत शाहीर गव्हाणकर. हे तिघं मुंबईच्या गिरणगावात उभे राहून गायचे तेव्हा ऐकणाऱ्याला 'आम्ही सगळे एक आहोत' असं वेगळं सांगायची गरजच नव्हती, समोर दिसत होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तर निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखी माणसं तयार झाली.

म्हणून आधी बघा तुमच्याकडे काय येतं. जात्यावरची ओवी येणाऱ्या आज्या अजून आहेत, भारूड करणारे आहेत, कव्वालीवाले आहेत, हलगी वाजवणारी पोरं आहेत, आणि रॅप करणारी तर गल्लोगल्ली आहेत. एका तालमीत आमच्याकडे आजीची ओवी आणि नातवाचा बीट एकत्र बसला, आजीला लय पकडायला अर्धा मिनिटही लागला नाही, नातवालाच चार दिवस लागले.

गणपतीत पुण्याकडे जिवंत देखावे करतात, पंधरा-वीस मिनिटांचं नाटुकलं, रेकॉर्डेड आवाजावर, रात्रीत दहा वेळा. तयार रंगमंच आहे हा, प्रेक्षक पण तयार. मंडळ जर ऐकणारं असेल तर तिथेच शिरा. सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, त्याच जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत उचलायला हिंदू-मुसलमान दोघं असतात. या गोष्टी कुठल्या एनजीओने नाही केल्या. तुमच्या गावातपण असं काहीतरी जुनं सापडेल, म्हाताऱ्यांना विचारा.

भिंत रंगवणार असाल तर दोन गोष्टी. मालकाची लेखी परवानगी, आणि पालिकेची भिंत असेल तर पालिकेची, कारण १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे आपल्याकडे. दुसरं म्हणजे ब्रश कोणाच्या हातात आहे ते बघा. बेंगळुरूचा अरावनी आर्ट प्रोजेक्ट बघा, तिथे तृतीयपंथी बायका स्वतः शहरातल्या भिंती रंगवतात. रस्त्यावर दिवसभर शिडीवर उभं राहायचं, येणारा-जाणारा थांबून विचारणार, बोलणं होणार. बाहेरून कलाकार आणून सुंदर चेहरे काढून घेतले तर भिंत छान दिसते, एवढंच.

इथे धारावीची गोष्ट सांगायलाच हवी. १९९२-९३ च्या दंगलीनंतर भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघा धारावीकरांनी एकोप्याचं काम सुरू केलं, त्यातला एक फोटो-पोस्टर खूप गाजला, वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातली चार मुलं आणि 'हम सब एक हैं'. आता तसं चित्र प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे आणि खरं सांगायचं तर कोणी त्याच्याकडे बघत पण नाही. पण तेव्हा त्याला वजन होतं, कारण ते घेऊन फिरणारे दोघं जण त्याच वस्तीतले, एक हिंदू एक मुसलमान. नुसतं पोस्टर कॉपी करून काही होत नाही, त्या दोघांसारखं एकत्र फिरायला लागतं.

पायरी ५ : तालीम (इथेच सगळं आहे)

सहा ते आठ आठवडे, आठवड्याला तीन दिवस, दीड तास. त्यातला पहिला अर्धा तास नाटक नाही, खेळ. डोळे बांधून जोडीदाराने चालवायचं, आरसा (समोरच्याची हालचाल हुबेहूब करायची), आवाजाची साखळी (एकाने काढलेला आवाज पुढच्याने पुढे न्यायचा). जोड्या दरवेळी बदला, चिठ्ठ्या टाका, नाहीतर मैत्रिणी मैत्रिणीच एकत्र राहतात.

रोल उलटे द्या, निदान तालमीत तरी. घरमालकाने भाडेकरू करायचा, सासूने सून, वरच्या आळीतल्याने खालच्या आळीतला. आमच्याकडे एक काका, घरमालक, दहा मिनिटं भाडेकरू झाले आणि 'डिपॉझिट परत द्या' म्हणताना त्यांचा आवाज खराच बारीक झाला. नंतर ते कोणालाच काही बोलले नाहीत, पण त्यांच्या भाडेकरूकडून कळलं की गळका पत्रा बदलून दिला त्यांनी. याला नाटकाचा परिणाम म्हणायचं का पावसाळा जवळ आला होता म्हणून, ते मला माहीत नाही. एक अपवाद मात्र ठेवा: ज्याने खरोखर अपमान सोसलाय त्याच्याकडून तोच सीन पुन्हा पुन्हा करून घेऊ नका, आणि अपमानाचे खरे शब्द, जातीवरून शिव्या वगैरे, तालमीतही वापरू नका, हावभावाने सगळं कळतं प्रेक्षकाला.

न दिसणारी, न ऐकू येणारी माणसं ग्रुपमध्ये असतील तर त्यांना 'छोटासा रोल' देऊन कोपऱ्यात उभं करायची फार वाईट सवय आहे आपल्याला. स्वागत थोरात अंध कलाकारांना घेऊन पूर्ण नाटकं बसवतात, आणि 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये त्यांनीच सुरू केलं, तेव्हा जमत नाही असं कोणी म्हणू नये. आम्ही केलेली साधी युक्ती म्हणजे स्टेजच्या कडेने काथ्याची चटई अंथरायची, पायाला खरखरीत लागलं की थांबायचं. ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी सीन बदलला की ढोलकीवाला जमिनीवर पाय आपटायचा, लाकडी प्लॅटफॉर्म होता म्हणून हादरा पोचायचा. नंतर ती खूण सगळेच वापरायला लागले.

भांडणं होणार. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास. 'आमच्यातले लोक वाईटच का दाखवलेत' इथपासून ते डबा कोणाचा कोणी खाल्ला इथपर्यंत. एक नियम ठेवा की भांडण त्याच खोलीत मिटवायचं, ग्रुपवर टाईप करायचं नाही. आणि खाण्याचं बघा जरा, श्रावण, रोजे, उपास, मटण खाणारे, न खाणारे. आम्ही शेवटी शेंगदाणे-गूळ आणि चहावर आलो, त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. रमजानमध्ये तालीम सातनंतर घेतली आणि इफ्तार तिथेच झाला, ज्यांनी आयुष्यात कधी बघितला नव्हता त्यांनी खजूर वाटले.

पायरी ६ : परवानग्या आणि पैसे, म्हणजे कंटाळवाणा भाग

नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे पाठवण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, तुमच्या प्रयोगाला ती लागते का हे आधीच चौकशी करून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको. उघड्यावर करणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज, आणि अर्जाच्या दिवशी पहिल्यांदा तोंड दाखवू नका. मुंबईत दंगलीनंतर मोहल्ला कमिट्या झाल्या, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांच्यासारखे मोठे पोलीस अधिकारी त्यात होते, आणि पोलीस आणि वस्ती यांनी भांडण नसताना भेटायची सवय लावली, क्रिकेटच्या मॅचेससुद्धा भरवल्या. तालमीला बीटच्या हवालदारांना एकदा चहाला बोलवा, पुढचं सोपं जातं.

स्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, दवाखाना-शाळा-कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. खरं तर दीडशे माणसांना स्पीकर लागतच नाही, लोकांना जवळ बसवा आणि आवाज काढायला शिका.

पैशांचं म्हणाल तर आमचा एक प्रयोग सहा-सात हजारांत होतो, त्यातले निम्मे चहा-खाऊ आणि रिक्षाभाड्यात. वर्गणी काढणार असाल आणि नोंदणी नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून १९५० च्या ट्रस्ट कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, मंडळवाल्यांना हे माहीत असतं, त्यांच्याकडून शिकून घ्या. जमा-खर्च मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा, अगदी दहा रुपयांचासुद्धा. संशय हा पैशांवरूनच सुरू होतो आणि मग तो जातीवर जातो. नोंदणीची घाई करू नका, वर्ष-दोन वर्षं टिकलात तर करा. सात जण लागतात, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था आणि महाराष्ट्रात त्याच १९५० च्या कायद्याखाली ट्रस्ट अशी दोन्ही नोंदणी होते, आणि मग दरवर्षी ऑडिट मागे लागतं. राजकीय पक्षाचे पैसे आणि बॅनर घ्यायचे की नाही हे आधीच सगळ्यांनी मिळून ठरवा. आम्ही घेत नाही, त्यामुळे आमच्याकडे मांडव पण नसतो.

पायरी ७ : प्रयोग, आणि प्रेक्षकाला आत ओढायचं

प्रयोग एकाच ठिकाणी करू नका. नाल्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, तिसरा शाळेत. पलीकडच्यांनी यावं अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा आपण जावं.

प्रयोग झाला की चर्चा ठेवतात आणि माईक नेहमीच्या तीन लोकांकडे जातो. त्यापेक्षा ब्राझीलचा नाटकवाला ऑगस्टो बोआल याने काढलेला फोरम थिएटरचा प्रकार करून बघा, आपल्याकडे बंगालमध्ये जन संस्कृती हा गट १९८५ पासून खेड्यांत काम करतोय, तो याच पद्धतीसाठी ओळखला जातो. पद्धत अशी. दहा मिनिटांचं नाटक, शेवट वाईट. समजा नळावरची रांग आहे, नवी भाडेकरीण हंडा घेऊन आलीय, तिला 'भाडेकरूंनी शेवटी' म्हणून ढकलत ढकलत मागे नेतात, पाणी जातं, हंडा रिकामा. संपलं. मग सूत्रधार सांगतो की हेच परत करतो, पण आता जिथे वाटेल तिथे 'थांब' म्हणा, वर या, आणि त्या बाईच्या किंवा रांगेतल्या गप्प बसलेल्या कोणाच्या जागी उभं राहून वेगळं करून दाखवा. दादागिरी करणाऱ्याची जागा मात्र घ्यायची नाही, त्याला एकदम चांगलं करून टाकलं तर प्रश्न फुकटात सुटतो. तो नट उलट जोर लावतो, अगदी रोज लावतात तसा.

पहिलं 'थांब' यायला वेळ लागतो. दोन मिनिटं पण लागतात आणि ती फार लांब वाटतात. आपलाच माणूस प्रेक्षकांत पेरून ठेवायचा मोह होतो, करू नका, लोकांना कळतं. आमच्या नळाच्या नाटकाला एक तरुण आला, त्याने भाषण ठोकलं, रांगेतल्या बायांनी त्याला वाटेला लावलं, सगळे हसले. मग एक आजी उठल्या, काही बोलल्या नाहीत, भाडेकरणीचा हंडा उचलून स्वतःच्या हंड्याच्या पुढे ठेवला. टाळ्या पडणार इतक्यात मागून एक बाई ओरडली, 'तुमच्या मागं आम्ही आहोत, आमचं काय? पाणी पाऊण तासच येतं!' आणि मग खरं बोलणं सुरू झालं, पाणी किती येतं, कोणाकडे मोटर लावलीय, कोण दोन ड्रम भरतं. सूत्रधाराचं काम एवढंच की 'हे तुमच्याकडे खरंच चालेल का?' विचारत राहायचं आणि उत्तर स्वतः द्यायचं नाही. सूत्रधाराला महिनाभर सराव द्या, इतर कुठल्याही नटापेक्षा जास्त.

एक लक्षात घ्या, ज्या गोष्टीची जखम ताजी आहे, दंगल, खून, बलात्कार, तिथे हा खेळ करायचा नसतो. आणि नाटक बघून कोणी रडत येऊन बोलायला लागलं तर पुढे कुठे पाठवायचं हे आधी माहीत पाहिजे. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव झालं, आणि संघटनेने कुटुंब सल्ला केंद्रंही चालवली. नाटकाने दार उघडायचं आणि दारामागे कोणी नाही असं होता कामा नये. तुमच्याकडे केंद्र नसेल तर जवळच्या संस्थेतल्या एखाद्या समुपदेशक ताईंना प्रयोगाला बसवा, शेवटी त्यांची ओळख करून द्या.

बिघडलं तर

बिघडतं. आमच्या एका प्रयोगाची अर्धवट क्लिप कोणीतरी काढली, तेवीस सेकंदांची, आणि 'आपल्या देवाची टिंगल' म्हणून फिरवली. आम्ही ग्रुपवर उत्तरं देत बसलो, चूक केली. तीन तासांनी अक्कल आली, मग चौघं जण, दोन बायका दोन पुरुष, दोन्ही बाजूंचे, घरोघर गेलो आणि पूर्ण व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. म्हणून पूर्ण प्रयोगाचं रेकॉर्डिंग कायम स्वतःकडे ठेवा. मुसलमानांकडे मुसलमान जाऊन समजावणार आणि हिंदूंकडे हिंदू, अशी वाटणी पण करू नका, एकत्रच जा, लोक तेच बघतात.

ग्रुपमधल्या एखाद्याच्या घरचे विरोध करायला लागले, विशेषतः मुलींच्या, तर आईला तालमीला आणून बसवा. निम्म्या वेळा आईच रोल मागते.

प्रयोगानंतर

किती लोक आले आणि किती टाळ्या पडल्या हे मोजायचा मोह सोडा. देणगीदारांना लागतं ते, लिहून द्या. स्वतःसाठी मात्र वेगळी वही ठेवा. पायरी १ मधली ती 'कधीच येत नाहीत' यादी काढा आणि बघा त्यातले किती आले, किती बोलले, आणि किती जणांनी दुसऱ्या वेळी स्वतःहून कोणालातरी आणलं. तीन महिन्यांनी परत खडूचा नकाशा काढा. आमच्या दुसऱ्या नकाशात पुरुषांनी संडासाचा रस्ता काढला, दिवा नाही असं पण लिहिलं, आणि त्या नकाशाचा फोटो जोडून वॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. दिवा लागायला अकरा महिने लागले, त्यात नाटकापेक्षा एका मावशींच्या चिकाटीचा हात जास्त आहे, त्या दर मंगळवारी ऑफिसात जाऊन बसायच्या.

दुसरं वर्ष सुरू करायचं असेल तर चावी, वही आणि सूत्रधाराचं काम नव्या माणसाकडे द्या, शक्यतो पहिल्या वर्षी जो सगळ्यात मागे बसला होता त्याच्याकडे. तुम्ही सतरंज्या अंथरायला जा. पहिली मीटिंग प्रयोगानंतर दहा दिवसांच्या आत घ्या, त्यापुढे गेली की लग्नसराई, परीक्षा, पाऊस काही ना काही येतंच. आणि चहाची पाळी लेखी लावा, दोन्ही बाजूंच्या घरांची नावं आलटून पालटून, कपबशा पण एकाच घरच्या नकोत. आमच्याकडे आत्तापर्यंत नाटकावरून झाली नसतील एवढी भांडणं चहावरून झालीयत.